खांद्यावरचा बेंजो

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'आकार' हा विषय दिला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी इलेक्ट्रिक गिटार आल्या. बाणाच्या टोकासारख्या, विजेच्या लोळासारख्या, चांदणीसारख्या. जगभरचे वादक या गिटारींवरून वर्षानुवर्षं वाद घालत आले आहेत: दिसते छान, पण गळ्यात नीट बसते का? बसते, पण वाजते कशी? मालवणच्या किनाऱ्यावर हाच वाद तितक्याच गंभीरपणे चालतो. फक्त तो गिटारवरून चालत नाही, बेंजोवरून चालतो.

चतुर्थीच्या दिवसांत मालवण, आचरा, मसुरे, कट्टा या भागात फिरलं की बेंजो चुकत नाही. गणपती आणायला बेंजो, विसर्जनाला बेंजो, मे महिन्यात लग्नाच्या वरातीत बेंजो, शिमग्यातही बेंजो. पुढे ताशा, ढोल, काँगो, कुणाकडे ऑक्टोपॅड, मागे टेम्पोवर स्पीकर आणि जनरेटर. या सगळ्या गदारोळावर स्वार होऊन गाण्याची चाल उचलतो तो एकच माणूस, गळ्यात पट्टा अडकवलेला. त्याच्या पोटासमोर एक लांबट वस्तू असते. डावा हात तिच्या बटणांवर धावतो, उजव्या हातातली नखी तारांवर थरथरते. त्या वस्तूवर लिहिलेलं मी कधी वाचलेलं नव्हतं, म्हणून ती बघायला निघालो.

जपानी पेटी, कोकणी गळा

अमेरिकी बँजोला कातडं ताणलेलं गोल तोंड असतं. आपला बेंजो हे वेगळंच वाद्य आहे. जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये टायपरायटरच्या कळा आणि तारा एकत्र आणून एक वाद्य बनवलं. जपानात तेव्हा ताइशो राजवट नुकतीच सुरू झाली होती, म्हणून त्याला ताइशोगोतो म्हणतात. स्वस्त, हलकं आणि घरबसल्या शिकता येणारं हे वाद्य आशियाभर पसरलं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, बलुचिस्तानात त्याचा आकार वाढून बेंजू झाला. मुंबईच्या चाळींत आणि कोकणच्या वाड्यांत त्याला वीज मिळाली आणि ते मिरवणुकीचं वाद्य बनलं. रवी जाधव यांनी 2016 मध्ये 'बँजो' हा हिंदी चित्रपट केला, रितेश देशमुख त्यात बेंजोवादक झाला होता. त्याआधी आणि त्यानंतरही या वाद्याकडे कुणी फारसं आस्थेनं पाहिलेलं नाही.

रचना समजली की पुढचा सगळा वाद समजतो. लाकडी फळीवर तारा ताणलेल्या असतात. तारांखाली धातूच्या पट्ट्या, वर कळांची रांग. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांप्रमाणे कळाही दोन ओळींत मांडलेल्या असतात. कळ दाबली की तिच्या पोटातला धातूचा दांडा तार खालच्या पट्टीवर टेकवतो आणि तारेची वाजणारी लांबी तेवढी कमी होते. बोट सोडलं की स्प्रिंग कळ वर ढकलते. गिटारवर हे काम थेट बोट करतं, त्यामुळे गिटारवादक तार आडवी ओढून सूर चढवू शकतो. बेंजोत बोट आणि तार यांच्यामध्ये यंत्र आहे. मींड जवळजवळ अशक्य. कळ जरा जास्त दाबली तर सूर किंचित चढतो, एवढीच सवलत. म्हणून बेंजोवाला सूर लांबवण्यासाठी नखी अतिवेगानं फिरवतो. आपल्याला वरातीत ऐकू येणारा तो सलग, थरथरता आवाज या अडचणीतून जन्मला आहे, आणि तीच आता या वाद्याची ओळख आहे.

पोकळ पेटी ते भरीव फळी

जुना बुलबुलतरंग पोकळ असायचा. तारेचा आवाज पोकळीत घुमून मोठा व्हायचा, ओटीवर बसून वाजवायला तो पुरे. पण रस्त्यावर ढोल-ताशापुढे तो कसा टिकणार? म्हणून तारांखाली पिकअप आला, पिकअपला स्पीकर जोडला आणि नवीच पीडा उभी राहिली. स्पीकरचा आवाज पोकळ पेटीला हादरवतो, ती हादरली की तारा हादरतात, तारांचा आवाज पुन्हा स्पीकरमधून येतो आणि बघता बघता कान फाडणारी शिट्टी सुरू होते. उपाय एकच, पोकळी काढून टाकणं.

अमेरिकेत गिटारवाल्यांना हाच पेच पडला होता. लेस पॉल यांनी 1940 च्या सुमारास जाड लाकडी ओंडक्यावर तारा ताणून पाहिल्या, लिओ फेंडर यांनी 1950 मध्ये भरीव फळीची गिटार बाजारात आणली. वाद्य भरीव झालं आणि एक मोठी मोकळीक मिळाली. आवाज पोकळीतून येत नसेल, तर बाहेरचा आकार हवा तसा कापता येतो. गिब्सन कंपनीनं 1958 मध्ये 'फ्लाइंग व्ही' आणि 'एक्स्प्लोरर' या टोकदार गिटार काढल्या. त्याच काळात बो डिडली चक्क चौकोनी गिटार घेऊन मंचावर उभा राहिला. लोकांनी आधी नाकं मुरडली, 'व्ही' तर सुरुवातीला जेमतेम शंभर विकल्या गेल्या. पुढे रॉकवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं.

बेंजोही भरीव झाला आणि आपल्या सुतारांनाही तीच मोकळीक मिळाली. कुणी फळीला दोन शेपट्या काढल्या, कुणी टोकाला गरुडाचं डोकं कोरलं, कुणी पारदर्शक ॲक्रिलिक कापून आत रंगीत एलईडीची माळ सोडली. एका बेंजो-पार्टीच्या वाद्यावर समोरून होडीची नाळ असावी तसा उभार होता आणि त्यावर पार्टीचं नाव रेडियममध्ये. देखणा होता, निःसंशय. रात्रीच्या विसर्जनात अंधाऱ्या वाटेवर ती निळी-जांभळी फळी हलताना दिसते तेव्हा पोरं आधी तिच्याकडे धावतात, मग ढोलाकडे. सुपारी घेताना देखणेपणाला किंमत असते हे वादक उघड सांगतात. लग्नाच्या व्हिडिओत काय दिसणार, याचा विचार यजमान करतो.

खांदा, मनगट आणि गडगा

दिसण्याचा हिशेब तिथे संपतो आणि शरीराचा सुरू होतो.

कुडाळकडच्या एका वादकाकडे दोन बेंजो आहेत, एक वडिलांचा सागवानी लांबट, एक स्वतः करून घेतलेला 'व्ही' आकाराचा. दोन्ही त्यानं माझ्या गळ्यात घातले. सागवानीच्या दोन्ही टोकांना पट्टा अडकतो, वजन मानेच्या दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जातं आणि वाद्य ताटासारखं आडवं राहतं. 'व्ही'चं तसं नाही. तिचं सगळं वजन शेपट्यांच्या बाजूला, कळांचं टोक हलकं. वाद्य सतत उजवीकडे कलतं आणि ते सावरायला डाव्या हाताला कळा दाबता दाबता फळी धरूनही ठेवावी लागते. "दिसता बरो," तो म्हणाला, "पण तीन तासांनी खांदो सांगता कोण बरो तो."

गिटारवाल्यांना हे दुखणं ओळखीचं आहे. जिचं डोकं जड, तिची मान जमिनीकडे झुकते. 'फ्लाइंग व्ही' मांडीवर ठरत नाही, घसरते. म्हणून मूळ 'व्ही'च्या कडेला रबराची खाचदार पट्टी बसवलेली होती. याउलट फेंडरनं 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरला पोटाकडून आणि हाताच्या कोपराखाली लाकूड खरवडून गोलाई दिली. कडा शरीरात रुतणार नाही, एवढाच त्यामागचा विचार. आज जगात सर्वाधिक नकला होणाऱ्या गिटारींत ती आहे. नेड स्टाइनबर्गर यांनी तर 1980 च्या आसपास गिटारचं डोकंच कापून टाकलं आणि तारा पिळायच्या खुंट्या दुसऱ्या टोकाला नेल्या. तोल साधला, लांबी घटली.

बेंजोत आणखी एक गोष्ट महत्त्वाची असते, मनगट. गिटारचं तोंड समोरच्याकडे असतं, बेंजोचं आकाशाकडे. कळा वरून दाबायच्या असतात, म्हणून फळी आडवी हवी. पण आडवी फळी प्रेक्षकांना दिसत नाही, कॅमेऱ्याला तिची फक्त कड दिसते. मग दिसण्यासाठी काही जण गिटारसारखा बेंजो उभा धरतात. तसं केलं की डावं मनगट मागे मुडपतं आणि करंगळी लांबच्या कळेपर्यंत पोचत नाही. द्रुत चाल आली की बोटं अडखळतात. जाणते वादक मधला मार्ग काढतात. पट्टा एका बाजूला आखूड करून फळी लोकांकडे थोडी झुकवायची, वाचायला धरलेल्या पुस्तकाइतकी. तेवढ्यात मनगटही सरळ राहतं आणि नक्षीही दिसते.

आणि गडगा. शहरातल्या मिरवणुकीला रुंद रस्ता असतो. आमच्याकडे गणपती डोक्यावरून पाणंदीतून, शेताच्या मेरेवरून, व्हाळाच्या साकवावरून घरात येतो. टेम्पो वरच्या रस्त्याला थांबतो. तिथून पुढे वादक छोटा बॅटरीचा स्पीकर घेऊन चालत निघतात. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मध्ये माणसापुरती वाट. 'व्ही'च्या शेपटीचे टवके उडालेले मी पाहिले, ते असेच उडालेले. "घाटी चढताना तेचो कान गडग्याक लागता," असं त्या वादकाच्या भावानं सांगितलं. त्यात भाद्रपदातला पाऊस. लांबट बेंजो प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत सहज सरकतो, पिशवीच्या बाजूंतून हात घालून वाजवताही येतो. चांदणीला पिशवी कुठून आणणार? पाऊस आला की टोकदार बेंजो टेम्पोत जातो आणि म्हातारा सागवानी बाहेर येतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आवाज कुठे असतो

आता आवाजाकडे येऊ. वाद इथेच सर्वांत तापतो. शिसवाचा आवाज गोड, ॲक्रिलिकचा थंड, फणसाचा भरदार, अशी मतं मी भरपूर ऐकली. दक्षिणेत वीणा आणि मृदंगासाठी फणसाचं लाकूड शतकानुशतकं वापरतात, त्यामुळे त्याच्याबद्दलचा आदर मला समजतो. पण वीणेत लाकूड स्वतः घुमतं. विजेच्या बेंजोत काय घडतं ते वेगळं आहे.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. पिकअपला दिसतं ते फक्त तारेचं हलणं. लाकूड दिसत नाही, रंग दिसत नाही, आकार तर मुळीच नाही. लाकडाचा परिणाम होतो तो आडवाटेनं, म्हणजे तार किती वेळ हलत राहते आणि कोणते कंप लवकर विझतात यावर. फळी पोकळ, भेगाळलेली किंवा तारा जिच्यावर टेकतात ती घोडी ढिली असेल तर तार लवकर मरते. फळी धड असेल, तर सागवान आणि ॲक्रिलिक यांतला फरक मोठ्या स्पीकरपुढे ऐकू येणं कठीण.

कुडाळकडच्या त्या वादकाच्या मांगरात आम्ही हे करून पाहिलं. तोच स्पीकर, तीच नखी, तीच चाल, ऐकणाऱ्यांनी भिंतीकडे तोंड केलेलं. सागवानी कोणता आणि 'व्ही' कोणता, यावर कुणाचं एकमत झालं नाही. मग त्यानं 'व्ही'वरचा पिकअप सैल करून घोडीजवळ सरकवला. लगेच सगळे ओरडले, आवाज बदलला! बदलणारच. घोडीजवळ तार थोडीच हलते, तिथे बारीक, वरचे कंप ठळक असतात, म्हणून आवाज टोकदार, चिरत जाणारा. मध्याकडे सरकलं की आवाज जाड आणि गोल. गिटारवर दोन-तीन पिकअप असतात ते याचसाठी. बहुतेक बेंजोंवर एकच असतो आणि तो कुठे बसवायचा हा सुताराचा निर्णय असतो. आवाजाच्या दृष्टीनं सबंध वाद्यातला हा सर्वांत मोठा निर्णय आहे, आणि आकाराच्या गप्पांत त्याचा कुणी उल्लेखही करत नाही.

दुसरी गोष्ट भुणभुण. साध्या, एका गुंडाळ्याच्या पिकअपला आसपासच्या विजेची घरघर ऐकू येते. जनरेटर शेजारी, वर मांडवातल्या माळा, मग विचारूच नका. चाल थांबली की स्पीकरमधून भुंगा सुरू. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये यावर तोड काढली, उलटसुलट वेढ्यांचे दोन गुंडाळे शेजारी ठेवायचे. बाहेरची घरघर एकमेकांत कापली जाते, तारेचा आवाज मात्र दुणावतो. असे दुहेरी पिकअप आता सहज मिळतात. ज्या पार्टीनं ते बसवले तिचा बेंजो विश्रांतीच्या क्षणी खरंच शांत असतो. ॲक्रिलिक आणि माळेवर जेवढा खर्च होतो, त्याच्या थोड्या भागात हे होतं.

तिसरी गोष्ट तारा. मूळ बुलबुलतरंगात चालीच्या तारांशेजारी सतत वाजणाऱ्या साथीच्या तारा असतात. मिरवणुकीतले अनेक वादक त्या काढून टाकतात. एका गाण्याचा षड्ज दुसऱ्याला चालत नाही आणि स्पीकरमधून त्या सगळं गढूळ करतात. मला त्या गेल्याची हळहळ वाटते. ओटीवर, आरती संपल्यावर, कमी आवाजात कुणी त्या तारांसह अभंग वाजवला तर त्या वाद्याचं दुसरंच, घरगुती रूप ऐकायला मिळतं.

इथेच स्पष्टपणे एक लिहितो. स्पीकरच्या भिंतींनी बेंजोचं सर्वाधिक नुकसान केलं आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम 2000 सालापासून आहे आणि तो म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी, लहानग्यांसाठी हवाच. पण दहाच्या आधीही, आवाज एका मर्यादेपलीकडे गेला की पिकअप, तार, नखी, हात, काहीच वेगळं ऐकू येत नाही. चांगला वादक आणि बरा वादक सारखेच वाटू लागतात. मग उरतो तो फक्त आकार. टोकदार, चमकते बेंजो वाढले त्यामागचं एक कारण मला हे वाटतं.

खारं वारं

किनाऱ्यावर वाद्य सांभाळणं हा स्वतंत्र उद्योग आहे. देवबाग-तारकर्लीच्या पट्ट्यात एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. खाऱ्या हवेत पोलादी तारेवर काही दिवसांत तांबूस पुटकुळ्या येतात. गंजलेली तार बेसूर होते, कारण तिची जाडी सर्वत्र सारखी राहत नाही. कळांच्या स्प्रिंगा अडकतात. पावसाळ्यात फळी दमट होऊन वाकते, मग एका टोकाच्या कळा तारेला पोचत नाहीत आणि दुसऱ्या टोकाच्या नुसत्या स्पर्शानं वाजतात. वाद्य चतुर्थीला लागतं, म्हणजे नेमकं सर्वांत दमट दिवसांत.

होड्यांचं काम करणाऱ्या एका मेस्त्रींनी यावर आपल्या धंद्यातलं उत्तर शोधलं आहे. होडीला वापरतात तो पाण्याला दाद न देणारा प्लायवूड, त्याच्या कापलेल्या कडा राळेनं बंद केलेल्या, वर फायबरचा पातळ थर. चारही कडा गोल. "होडयेक कोनो ठेवलो तर थयसूनच कुसता," ते म्हणाले, "ह्येकाय तोच न्याय." टोकदार आकाराबद्दलचा इतका नेमका आक्षेप मला गिटारवरच्या कुठल्याही चर्चेत सापडला नव्हता. टोकाला रंगाचा थर सर्वांत पातळ बसतो, तोच आधी खरचटतो आणि पाणी तिथूनच आत शिरतं. त्यांनी केलेला बेंजो दिसायला साधा, माशाच्या पाठीसारख्या उताराचा. तो गळ्यात घेतला तेव्हा कड कुठेच टोचली नाही. ॲक्रिलिकचं नाव काढल्यावर मेस्त्रींनी मान हलवली. ॲक्रिलिक कुजत नाही हे खरं, पण ते पाण्यापेक्षा जड आहे आणि सागवान पाण्यावर तरंगतं. त्याच मापाची फळी ॲक्रिलिकमध्ये केली तर खांद्याला फरक पहिल्या तासातच कळतो. ॲम्पेग कंपनीनं 1969 मध्ये पारदर्शक गिटार काढली होती, तिच्याही वजनाबद्दल वादक तक्रार करत.

कळांची निगा मात्र सगळे एकसारखीच राखतात. शिवणयंत्राचं तेल, कोरडं फडकं, वाजवून झाल्यावर तारा पुसणं आणि वाद्य पंख्याखाली न ठेवता तांदळाच्या कणगीजवळच्या कोरड्या खोलीत ठेवणं.

घेणाऱ्यासाठी

नवा बेंजो करून घेणाऱ्या पोरांनी मला विचारलं तर मी असं सांगेन. फळी लांबट घ्या, कडा गोल करून घ्या, पट्टा दोन्ही टोकांना लावा. पैसे दुहेरी पिकअपवर घाला, शक्य तर दोन बसवा, एक घोडीजवळ आणि एक मध्याकडे. कळा आणि स्प्रिंगा उत्तम घ्या, कारण बोटांना रोज त्याच भेटतात. मग उरलेल्या पैशांत हवी तेवढी नक्षी करा, हवा तो रंग द्या, गरुड काढा, नाव झळकवा. नक्षी फळीच्या आतल्या बाजूला मावते, त्यासाठी शेपट्या फुटायला लागत नाहीत. 'व्ही' हवाच असेल तर तो रुंद रस्त्याच्या वरातीसाठी दुसरं वाद्य म्हणून घ्या, पहिलं म्हणून नको.

आणि वाचकांकडे एक मागणं आहे. गिटारच्या प्रत्येक विचित्र आकारामागचा माणूस आज जगाला ठाऊक आहे, त्याचं नाव, साल, कारखाना, सगळं लिहिलेलं आहे. आपले बेंजो घडवणारे सुतार, पिकअप गुंडाळणारे रेडिओ-दुरुस्तीवाले, पहिल्यांदा पट्टा लावून रस्त्यावर उतरलेले वादक, यांची नावं पार्टीच्या फलकावरही नसतात. येत्या वर्षी तुमच्या वाडीत बेंजो आला तर मध्ये चहाला थांबतील तेव्हा वाद्य हातात घेऊन बघा, कुणी केलं ते विचारा आणि ते नाव, गाव, वर्ष एका वहीत लिहून ठेवा. जुना पोकळ बुलबुलतरंग कुणाच्या माळ्यावर असेल तर तो भंगारात देऊ नका. शाळांच्या स्नेहसंमेलनांत, भजनाच्या बारीत, तालुक्याच्या वाद्यस्पर्धांत बेंजोला एकट्यानं, कमी आवाजात वाजवायची वेळ द्या.